रोजच्या वापराला पिकअप ट्रक: अमेरिकेत पहिल्यांदा ट्रक घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मराठी माणसाचा गाड्यांचा क्रम ठरलेला असतो. आल्या आल्या जुनी कॅमरी नाहीतर कोरोला, लग्न झालं की सीआर-व्ही, पोरं झाली की ओडिसी नाहीतर सिएना. पण टेक्सासमध्ये दोन-चार वर्षं काढली की आजूबाजूच्या ड्राइव्ह-वेतले ट्रक डोक्यात शिरायला लागतात आणि मग एक दिवस मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतोच, "कोणी पिकअप रोज वापरतं का? कसा आहे?" त्यावर "मस्त आहे रे, घे" आणि "वेड लागलंय का" अशी दोनच उत्तरं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी डॅलसच्या उत्तरेकडच्या सबर्बात राहतो. ऑफिस, पोरांची शाळा, ग्रोसरी सगळं ट्रकनेच चालतं. बर्फाच्या राज्यातल्यांसाठी थोडं वेगळं आहे, ते त्या त्या जागी सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो, ब्रँडवरून भांडत बसू नका. फोर्ड चांगला का शेव्ही का रॅम हे इथल्या लोकांचं तीन पिढ्यांचं भांडण आहे, ते त्यांना करू दे. तुम्ही बघायचं ते तीनच: कॅब (माणसं बसतात तो भाग) केवढी, हौदा (मागचा सामानाचा उघडा भाग) केवढा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर आकडा किती. ह्या तीन गोष्टी जुळल्या की कंपनी कुठलीही चालते.

पहिली पायरी: हौदा वर्षात किती वेळा भरणार ते लिहून काढा

खरोखर कागदावर लिहा. मनातल्या मनात सगळ्यांचाच ट्रक दर शनिवारी भरलेला असतो. मागच्या वर्षी मल्च (झाडांच्या बुडाशी पसरायचा लाकडाचा चुरा) किती वेळा आणला, फर्निचर किती वेळा हलवलं, कोणाचं घर शिफ्ट करायला गेलात, सायकली टाकून कुठे गेलात, ट्रेलर किंवा बोट ओढायचीय का नुसतीच ओढावीशी वाटतेय. यादी तीन-चार ओळींत संपत असेल तर ट्रक न घेता भागतं. होम डेपोत तासांच्या हिशोबाने पिकअप भाड्याने मिळतो, यू-हॉलकडे दिवसाला वीस डॉलरच्या आसपास भाडं अधिक माइलचे पैसे असं असतं. आणि प्लायवूडच आणायचं असेल तर ओडिसीच्या मागच्या सीट काढल्या की चार बाय आठची शीट आडवी आत जाते, दार लागतं, वर पावसात भिजत पण नाही. छोट्या पिकअपमध्ये ती अशी आत बसतच नाही, मिनीव्हॅनवाल्यांना लोक उगाच हसतात.

मग ट्रक कशासाठी, तर ओलं, घाण, उंच आणि वास येणारं सामान न्यायला. खत, माती, मल्च, रंगाचे डबे, उभाच न्यावा लागणारा फ्रीज, चिखलाने माखलेल्या सायकली, कॅम्पिंगवरून परत येतानाचा धुराचा वास मारणारा सगळा पसारा. हे सामान आणि माणसं यांच्यामध्ये काच आणि पत्रा आहे हे सुख एसयूव्हीत नाही. आणि "मला आवडतो" हेही कारण आहेच, लाजायचं काय त्यात, फक्त घरात तसं सरळ सांगा, मल्चच्या नावावर खपवू नका, नाहीतर दर वसंतात मल्च आणावा लागतो.

दुसरी पायरी: साइज ठरवा

बाजारात साधारण तीन गट आहेत (हेवी ड्युटीवाले म्हणजे एफ-२५० वगैरे सोडून देतोय, रोजच्या वापराला ते घेऊ नका, विषय संपला).

पहिला गट फुल-साइज: फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, त्याचाच भाऊ जीएमसी सिएरा, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पिकअप आहे, त्यामुळे पार्ट, मेकॅनिक, ॲक्सेसरी कुठल्याही गावात मिळतात. एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, बर्फावर मीठ टाकतात त्या राज्यांत हे बरं पडतं, पण ठोकली तर सगळेच बॉडी शॉप ते काम घेत नाहीत. रॅमला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, २००९ पासून, म्हणून रिकामा असताना तो कमी उडतो, कारसारखी राइड हवी असेल तर आधी रॅम चालवून बघा. नव्या टुंड्रालाही आता मागे कॉइलच आहेत.

दुसरा गट मिडसाइज: टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्ही कोलोरॅडो, निसान फ्रंटियर, जीप ग्लॅडिएटर. यात टॅकोमाची रीसेल इतकी चढी असते की दोन वर्षं जुना घेण्यात कधीकधी काही अर्थच उरत नाही, सरळ नवा घ्यावा. आपल्याकडून आलेले लोक हमखास विचारतात की टोयोटाचा हायलक्स पिकअप इथे का नाही. त्याचं उत्तर कोंबडीत आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, बदल्यात अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के ड्यूटी लावली, कोंबडीचं भांडण कधीच मिटलं पण ती ड्यूटी काही गेली नाही. म्हणून इथे ट्रक विकायचा तर उत्तर अमेरिकेतच बनवावा लागतो, टोयोटा टुंड्रा आपल्या सॅन अँटोनियोत बनवते आणि टॅकोमा मेक्सिकोत.

तिसरा गट माझ्या मते आपल्या बहुतेक लोकांच्या खऱ्या कामाचा, आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही: फोर्ड मॅव्हरिक, ह्युंदाई सांता क्रूझ आणि होंडा रिजलाइन. हे आतून कार आहेत. वेगळी फ्रेम नाही, अख्खी बॉडी एकसंध, त्यामुळे चालवायला सीआर-व्हीच्या जवळ जातात. रिजलाइन तर ओडिसीचीच नातेवाईक, दोन्ही अलाबामातल्या एकाच होंडा प्लँटमधून निघतात. तिच्या हौद्याच्या खाली कुलूप लागणारी डिकी आहे, तळाला पाणी सोडायचं बूच आहे, लोक त्यात बर्फ भरून बिअर ठेवतात, आपण ग्रोसरी ठेवायची. फाळका खाली पण उघडतो आणि दारासारखा आडवा पण. मॅव्हरिक हायब्रिड सिटीत गॅलनला चाळीस माइलच्या आसपास ॲव्हरेज देतो, पिकअप असून. २०२२ च्या मॉडेलला तो वीस हजार डॉलरच्या आत सुरू व्हायचा, आता ते दिवस गेले, पण तरी नवा पिकअप स्वस्तात हवा तर अजून तोच.

तिसरी पायरी: टेप घेऊन गॅरेजमध्ये जा

डीलरकडे जायच्या आधी हे करा. चार दारांचा आणि छोट्या हौद्याचा फुल-साइज ट्रक साधारण १९ फूट ४ इंच लांब असतो, कंपनी कुठली का असेना. आपल्या सबडिव्हिजनमधली बिल्डरने बांधलेली गॅरेज बऱ्याचदा २० फूट खोल असतात, आणि त्यातही वॉटर हीटरचा ओटा, शू रॅक, आईने इंडियातून पाठवलेल्या पितळी भांड्यांचा खोका. म्हणजे ट्रक आत गेला तरी पुढून माणूस जाणार नाही. टेप नुसता भिंतीपासून दारापर्यंत लावू नका, भिंतीपासून जे जे पुढे आलंय तिथून लावा. आरसे उघडे धरले तर एफ-१५० ची रुंदी जवळजवळ ८ फूट होते, सिंगल दाराच्या गॅरेजात आरसे मिटूनच जावं लागतं.

टॅकोमाची चार दारांची पाच फुटी हौद्याची गाडी पावणेअठरा फुटांच्या आसपास, रिजलाइन साडेसतरा, मॅव्हरिक पावणेसतराला पण जरा कमी. ओडिसी सतरा फुटांच्या वर आहे, म्हणजे ज्या गॅरेजात ओडिसी मावते तिथे मॅव्हरिक आरामात मावतो.

एचओएचे (म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियमही आत्ताच काढून वाचा, काही ठिकाणी रात्रभर ड्राइव्ह-वेत "कमर्शियल" गाडी लावायला बंदी असते आणि त्यात पिकअप धरतात की नाही हे प्रत्येक एचओएचं वेगळं. राज्याराज्याचे नियम पण वेगळे: कॅलिफोर्नियात पिकअपचं पासिंग घरच्या वापरासाठी असला तरी कमर्शियलच होतं आणि वजनावर वेगळी फी लागते, बे एरियातल्यांनी हे आधीच धरून चालायचं. इलिनॉयमध्ये बी-ट्रक प्लेट मिळते. न्यूयॉर्कमध्ये पार्कवेवर कमर्शियल गाड्यांना मनाई आहे, त्यामुळे तिथे पिकअप पॅसेंजर क्लासमध्ये रजिस्टर होतो का ते आधी विचारून घ्या. टेक्सासमध्ये ही कटकट नाही. लायसन्स मात्र सगळीकडे नेहमीचंच चालतं, वेगळं काही लागत नाही.

चौथी पायरी: कॅब आणि हौदा

पोरं असतील तर पूर्ण चार दारांचीच कॅब घ्या, यावर चर्चा नको. नावांत मात्र फसाल. टॅकोमाची "डबल कॅब" म्हणजे पूर्ण चार दारं, आणि सिल्व्हराडोची "डबल कॅब" म्हणजे मागे अरुंद जागा, मोठी हवी तर तिथे "क्रू कॅब" म्हणायचं. फोर्डमध्ये मोठी "सुपरक्रू" आणि छोटी "सुपरकॅब". टुंड्रात मोठी "क्रूमॅक्स". नव्या टॅकोमाच्या "एक्स्ट्राकॅब"ला तर मागे सीटच नाहीत, नुसती सामानाची जागा. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून खूश व्हायच्या आधी मागच्या सीटचा फोटो बघा.

बाळाची मागे तोंड करून बसवायची कार सीट असेल तर ती शोरूमला घेऊन जा आणि लावून बघा. फुल-साइज क्रू कॅबमध्ये प्रश्नच येत नाही, जागा अशी की मध्ये बसून डायपर बदलता येतो. मिडसाइजमध्ये तीच सीट लावली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आणि पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा पट्टा, टेदर म्हणतात तो, ट्रकमध्ये कारसारखा सरळ हुकात जात नाही, बऱ्याच ट्रकमध्ये हेडरेस्टमागे कापडी लूप असतो, त्यातून पट्टा ओवून शेजारच्या सीटच्या अँकरला अडकवायचा असतो. मॅन्युअलमध्ये चित्र दिलेलं असतं. अंदाजाने लावू नका.

आता आई-बाबा. सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येणार, आणि रोज मंदिर, पटेल ब्रदर्स, डॉक्टर हे सगळं ट्रकनेच. आमची आई पहिल्यांदा बसायला गेली तेव्हा एका हातात पर्स, एका हातात साडीच्या निऱ्या, आणि उजवा पाय आधी टाकला, मग अडकली, ना वर ना खाली. "टेम्पो घेतलायस तर फळी तरी लाव," म्हणाली. तर फळी लावा, म्हणजे रनिंग बोर्ड. गोल नळीवाले दिसायला भारी पण पावसात चप्पल घसरते, रुंद आणि खरखरीत पृष्ठभागाचे घ्या. आतल्या खांबावर धरायला हँडल आहे का आणि मागच्या दाराला पण आहे का ते बघा. निऱ्या धरलेला हात मोकळा नसतो, म्हणून हँडल दुसऱ्या हाताच्या बाजूला यायला हवं, आणि डावा पाय आधी की उजवा हे ती कुठल्या बाजूने चढतेय त्यावर. एकदा शिकली की मग पुढच्या सीटवरून उतरायला तयार नाही, वरून सगळा रस्ता दिसतो म्हणते.

हौद्याचं गणित सोपं आहे. फुल-साइजमध्ये साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट. क्रू कॅबबरोबर साडेपाचच घ्या, साडेसहा घेतला की गाडी वीस फुटांच्या वर जाते आणि एचईबीच्या पार्किंगमध्ये तुमचं नाक नाहीतर शेपूट बाहेर राहतं. फाळका उघडा ठेवला की आणखी दोनेक फूट मिळतात. शीट आडवी बसायची तर चाकांच्या उंचवट्यांमध्ये चार फूट मोकळे हवेत, फुल-साइजमध्ये आणि रिजलाइनमध्ये ते आहेत. मॅव्हरिकमध्ये नाहीत, तिथे खाचेत लाकडी दांडा टाकून शीट त्याच्यावर ठेवायची.

पाचवी पायरी: पिवळं स्टिकर

इथे थोडा वेळ घालवा, कारण जाहिरातीत ह्याबद्दल काही सांगत नाहीत आणि सेल्समनला पण बऱ्याचदा धड माहीत नसतं.

जाहिरातीत म्हणतात ११,००० पाउंड ओढतो. ओढत असेल. पण तुमचा रोजचा हिशोब ओढण्याचा नाही, उचलण्याचा आहे, त्याला पेलोड म्हणतात. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर असतं, त्यावर टायरची हवा किती आणि खाली एक वाक्य: माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पाउंडच्या वर कधीच जाऊ नये. किलोत पण लिहिलेलं असतं, आपल्याला बरं. हा आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. शेजारी शेजारी उभ्या दोन एफ-१५० चे आकडे वेगळे निघतात, कारण सनरूफ, मोठी चाकं, इलेक्ट्रिक रनिंग बोर्ड, लेदर सीट ह्या सगळ्याचं वजन पेलोडमधून वजा होतं. म्हणजे ट्रक जितका महाग तितका उचलायला कमी, असा उलटा प्रकार.

समजा स्टिकर म्हणतंय १,५०० पाउंड, म्हणजे ६८० किलो. तुम्ही, बायको, दोन पोरं मिळून ४५० पाउंड. आई-बाबा ३००. बॅगा, कूलर, डब्यांची पिशवी २००. झाले ९५०. उरले ५५०. आता मागे ५,००० पाउंडांचा कॅम्पर लावलात, तर ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हुकावर खाली दाबतं, म्हणजे ५०० ते ७५०, आणि ते पण ह्याच ५५० मधून जाणार. म्हणजे ११,००० ओढणारा ट्रक ५,००० च्या ट्रेलरलाच ओव्हरलोड होऊ शकतो. मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, ब्रेकला आणि स्टिअरिंगला त्रास. शंका असेल तर हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर काटा असतो, थोडक्या पैशांत सगळं भरून वजन करता येतं.

मातीचं पण तसंच. लँडस्केपच्या दुकानात माल यार्डाने मिळतो, एक यार्ड म्हणजे २७ घनफूट. छोट्या हौद्यात दोन यार्डांची जागा दिसते. कोरड्या मल्चचा एक यार्ड साधारण ४०० ते ८०० पाउंड, तो चालतो. मातीचा एक यार्ड २,००० पाउंड आणि वर, ओली असेल तर विचारू नका, खडी त्याहून जड. लोडरवाला तुमच्या गाडीचं स्टिकर बघणार नाही, तो बकेट उचलून ओततो. तेव्हा माती अर्धा यार्डच सांगा आणि दोन खेपा करा.

सहावी पायरी: टू-व्हील का फोर-व्हील

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनमध्ये टू-व्हील ड्राइव्ह पुरतो, किंमत कमी, ॲव्हरेज थोडं जास्त, उंची थोडी कमी (आई-बाबा खूश). मिशिगन, मिनेसोटा, न्यू जर्सी, शिकागोवाल्यांनी फोर-व्हीलच घ्या, कारण ट्रकचं वजन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, रिकामा ट्रक बर्फात मागून लगेच निसटतो. तिकडचे लोक हिवाळाभर मागच्या ॲक्सलच्या वर वाळूच्या पोती टाकून ठेवतात, बांधून हां, मोकळ्या नको, ब्रेक मारला की त्या पुढे येतात.

आणि एक बारीक गोष्ट. बऱ्याच ट्रकचं फोर-व्हील पार्ट-टाइम असतं, ते कोरड्या रस्त्यावर लावून चालवायचं नसतं, वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं आणि गिअर आतून जखडतात. पाऊस-ऊन-पाऊस असं असेल तर "ऑटो" मोडवाला ट्रक हवा, तो सगळ्यांना नसतो, ट्रिम (त्याच मॉडेलचा कुठला प्रकार) बघून घ्या. रिजलाइनला ऑल-व्हील ड्राइव्ह स्टँडर्डच येतो आणि त्यात काही लावायचं-काढायचं नसतं, डोक्याला ताप नाही.

सातवी पायरी: पैसे

गॅसचा हिशोब करा. वर्षाला १२,००० माइल, गॅलन ३ डॉलर धरला, तर २० चं ॲव्हरेज देणारा फुल-साइज ६०० गॅलन पितो, १,८०० डॉलर. मॅव्हरिक हायब्रिड हजाराच्या आत. कॅमरी हायब्रिड साडेसातशेच्या आसपास. तर फरक वर्षाला हजारेक डॉलरचा, जीव जाईल इतका नाही. खरा खर्च टायरमध्ये दडलेला असतो, २० आणि २२ इंची चाकांचे टायर बदलताना डोळे पांढरे होतात, म्हणून १८ इंची चाकांची ट्रिम मिळाली तर तीच घ्या, खड्ड्यात राइड पण बरी. इन्शुरन्सचा कोट ट्रक ठरवायच्या आधी काढा, नंतर नाही.

टॅक्सबद्दल दोन गोष्टी, कारण पार्टीत कोणीतरी ज्ञान देतोच. "६,००० पाउंडांच्या वरची गाडी घेतली की टॅक्स वाचतो" हे सेक्शन १७९ चं अर्धवट ऐकलेलं असतं. ते धंद्यासाठी आहे, गाडीचा निम्म्याहून जास्त वापर धंद्यात हवा. तुम्ही डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगारी नोकरी करताय आणि ट्रक घेऊन ऑफिसला जाताय, तर नाही मिळत. एच-१बी वाल्यांनी तर साइडला एलएलसी उघडून ट्रक दाखवायचे उद्योग मुळीच करू नका.

दुसरी गोष्ट खरी आहे: २०२५ ते २०२८ ह्या वर्षांत नव्या गाडीच्या लोनचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा करता येतं, गाडी अमेरिकेत असेंबल झालेली हवी आणि घरच्या वापराची हवी. एकट्याचं उत्पन्न एक लाखाच्या, जोडप्याचं दोन लाखांच्या वर गेलं की ते कमी कमी होत जातं. लीजवर नाही मिळत. आता गंमत बघा, मॅव्हरिक आणि टॅकोमा मेक्सिकोचे, म्हणून बाद. एफ-१५०, टुंड्रा, रिजलाइन, रॅम १५०० चालतात. सिल्व्हराडो तीन देशांत बनतो, इंडियाना, कॅनडा आणि मेक्सिको, तेव्हा लॉटमधल्या त्या गाडीचा व्हिन, म्हणजे गाडीवर कोरलेला ओळख नंबर, बघा: १, ४ किंवा ५ ने सुरू होत असेल तर अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको.

जुनी गाडी देणार असाल तर टेक्सासमध्ये ट्रेड-इनची किंमत वजा करून उरलेल्यावर ६.२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो, त्यामुळे बाहेर विकून थोडेच जास्त मिळत असतील तर आधी हा हिशोब करा.

आठवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह आणि घासाघीस

सेल्समन तुम्हाला गुळगुळीत हायवेवर नेतो. तुम्ही त्याला शाळेच्या कार लाइनसारख्या अरुंद वळणावर, खड्ड्याच्या रस्त्यावर आणि कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये न्या. रिव्हर्समध्ये दोन गाड्यांच्या मध्ये लावून बघा. तोंडासमोर किती अंतरापर्यंत काही दिसत नाही ते बघा, बायकोला किंवा मित्राला बोनेटसमोर उभं करून मागे सरकायला सांगा, कमरेपर्यंत दिसायला किती लांब जावं लागतं ते कळलं की पोरांना ड्राइव्ह-वेत खेळू देताना आपोआप सावध राहाल. समोर कॅमेरा असलेली ट्रिम ह्या एका कारणासाठी घ्यावी.

भाव करताना महिन्याचा हप्ता बोलूच नका, सगळं धरून शेवटचा आकडा ईमेलवर मागा, तीन डीलरकडून. काचेवर दुसरं छोटं स्टिकर लावलेलं असतं, टायरमध्ये नायट्रोजन, दाराच्या कडांना फिल्म, काहीतरी "प्रोटेक्शन पॅकेज", त्याचे हजार-दोन हजार. ते काढा म्हणायचं, "आधीच लावलंय" म्हणाले तर दाखवा किती खर्च आला म्हणायचं, नाहीतर उठायचं. फुल-साइज ट्रकवर वर्षाच्या शेवटी सूट बऱ्यापैकी असते, मॅव्हरिक आणि टॅकोमावर फारशी अपेक्षा नको.

जुना घेत असाल तर खाली वाका. फ्रेमला गंज आहे का, हुकाच्या आतला रंग घासून गेलाय का (म्हणजे भरपूर ओढलंय), प्लॅस्टिकच्या लायनरखाली पत्रा कसा आहे, स्टेपनी जागेवर आहे का आणि खाली सोडता येते का. उत्तरेकडून आलेला ट्रक असेल तर हे दुप्पट. २००५ ते २०१० च्या टॅकोमांच्या फ्रेमच्या गंजावरून टोयोटाला कोर्टात मोठी तडजोड करावी लागली होती, त्या वर्षांतला स्वस्त दिसला तर मेकॅनिकला लिफ्टवर दाखवल्याशिवाय हात लावू नका.

नववी पायरी: घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात हौद्यावर कव्हर टाका. गुंडाळायचं ताडपत्रीवालं स्वस्त आणि बसवायला सोपं, पण चाकूने कापता येतं. घडीचं कडक कव्हर महाग पण कुलूप लागतं. फ्रीज उभा न्यायचा असेल तेव्हा ते सगळं काढता येतं का हे विकत घेतानाच बघा. फाळक्याला सेंट्रल लॉक नसेल तर कुलूप लावून घ्या, फाळकेच चोरीला जातात, गंमत नाही.

ग्रोसरी हौद्यात मोकळी टाकली तर घरी येईपर्यंत कोथिंबीर एकीकडे, दही दुसरीकडे. मागच्या सीटचं बूड वर उचललं की खाली सपाट जागा होते, वीस पाउंडी तांदळाच्या बॅगा आणि कणिक तिथे. उरलेलं हौद्यात आडवी दांडी किंवा जाळी लावून फाळक्याच्या जवळ, म्हणजे चढून आत जावं लागत नाही.

सामान बांधायला दोरी नको, रॅचेट स्ट्रॅप घ्या, चार तरी. गादी कधीच नुसत्या हाताने धरून न्यायची नाही, हायवेवर वारा खाली शिरला की ती पाल होते. टेक्सासमध्ये मागे चार फूट किंवा जास्त बाहेर आलेल्या सामानाला दिवसा लाल कापड लागतं आणि रात्री लाल दिवा. ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये जायच्या आधी हौदा रिकामा करा, ब्रश सगळं उचलून मागच्या गाडीवर टाकतो.

हायब्रिड एफ-१५० घेतला असेल तर हौद्यात प्लग असतात, पर्याय घेतला तर ७.२ किलोवॉटपर्यंत, २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी त्यावर घरातले हीटर आणि फ्रीज चालवले होते. गाडी बाहेर उभी करून हां, बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही.

आणि मंडळ. ट्रक आहे हे कळलं की गणपतीचं मखर, स्पीकर, पन्नास घडीच्या खुर्च्या, महाप्रसादाची पातेली हे सगळं तुमच्याकडे येणार, ते यायचंच. मिरवणुकीत पोरांना हौद्यात बसवा म्हणून आग्रह होईल. टेक्सासमध्ये १८ च्या खालच्या मुलांना उघड्या हौद्यात बसवून गाडी चालवणं बेकायदा आहे, परेडची सवलत आहे, पण ती परेडपुरती, देवळापासून पार्किंग लॉटपर्यंत जाताना नाही. तेव्हा मूर्ती हौद्यात दोन्ही बाजूंनी पट्टे लावून, खाली जुनी रजई घालून, एक मोठा माणूस शेजारी बसवून, आणि पोरं खाली चालत, लेझीम घेऊन. पातेली परत करताना मात्र धुवूनच हौद्यात टाकायला सांगा, आमटी प्लॅस्टिक लायनरच्या खाली गेली की तो वास मेपर्यंत पुरतो.